नवस फेडल्यानंतरची सुई

आण्णांचा डोळा बिघडलाय हे आम्हाला एका लग्नात कळलं. तेही लग्न लागून, पंगती उठून, सगळा तालुका आपापल्या घरी जाऊन झोपल्यानंतर.

आण्णा म्हणजे माझे वडील. आमच्या गावचे माजी सरपंच आणि सोसायटीचे माजी चेअरमन. त्यांच्यासमोर कुणी 'माजी' हा शब्द उच्चारला तर त्याच्या घरचा चहा ते आजही पीत नाहीत. गाव लिंबागणेशच्या अलीकडे. मी बीडला एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. दहावीच्या वर्गात दरवर्षी फळ्यावर डोळ्याची मोठी आकृती काढतो, बाण ओढतो आणि 'दृष्टिपटल' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारतो. घरात बापाचं दृष्टिपटल सुजत होतं आणि मी फळ्यावर रेघा मारत होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण स्वतःचा अपराध कबूल केल्याशिवाय मला साधी भाजी आणल्याची हकीकतसुद्धा सांगता येत नाही. बायको म्हणते, "पाऊस लांबला तरी तुमच्या तोंडावर असं असतं, जणू तुम्हीच अडवून धरलाय."

तर लग्न. आमच्याकडच्या लग्नात नवरा-नवरीला फारसं महत्त्व नसतं. मुख्य कार्यक्रम म्हणजे पुढाऱ्यांचं स्वागत. नवरी अंतरपाटाआड घामाघूम होऊन उभी असते, भटजी घड्याळ बघत असतात, आणि माइकवर एकेका नेत्याचं आगमन पुकारलं जातं. पुढच्या रांगेत सोफे. सोफ्यावर फेटे. फेट्यांत सगळेच सारखे दिसतात, हे खरं. पण आण्णांनी त्या दिवशी जे केलं ते सारखेपणाच्याही पुढचं होतं. डीजेच्या दणदणाटात ते सोफ्यांच्या रांगेपाशी गेले, समोरून पांढऱ्या कपड्यातला एक धिप्पाड माणूस उठला, आण्णांनी दोन्ही हात पसरले आणि त्याला कडकडून मिठी मारली. त्या माणसानंही मारली. पाठ थोपटली. बराच वेळ थोपटली.

तो माणूस म्हणजे 'समोरचे'. सोसायटीच्या एका जुन्या निवडणुकीपासून त्यांचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही. समोरच्या पार्टीचे म्हणून नुसतं 'समोरचे'. त्यांच्या वाड्यात कुत्रं व्यालं तरी आमच्या ओट्यावर चर्चा व्हायची, पण बोलणं बंद. त्यांच्या पंगतीला आम्ही नाही, आमच्या मयताला ते नाहीत.

अक्षता पडायच्या आत फोटो सगळ्या मोबाइलवर पोचला. खाली लिहिलेलं, 'मनोमिलन'.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णांचे कार्यकर्ते ओट्यावर जमले. एकाच्या डोळ्यांत पाणी.

"आण्णा, तुमी आमाला तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई. त्येंच्यापायी मी माझ्या सख्ख्या साडूशी बोलत न्हाई अन् तुमी गळ्यात गळा?"

"आमाला सांगायचं तरी व्हतं, आण्णा. आमी बी मारली असती मिठी," दुसरा म्हणाला.

आण्णांनी सुपारी कातरली आणि शांतपणे सांगितलं, "राजकारणात कुणी कायमचा दुश्मन नसतो."

मंडळी सुन्न होऊन उठली. ती फाटकाबाहेर गेल्याची खात्री करून आण्णांनी आत बघून मायला, म्हणजे माझ्या आईला, हळूच विचारलं, "कोण व्हतं गं ते?"

"कोण कोण?"

"ज्येला मी मिठी मारली."

मायनं मला बीडला फोन केला. रडत होती की हसत होती, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग आण्णांनी कबूल केलं. माणसाचा फेटा दिसतो, खांदे दिसतात, पायताण दिसतं. तोंडाच्या जागी मात्र पाटीवरचं अक्षर थुंकीनं पुसल्यासारखा फराटा. डावा डोळा तरुणपणी तुरीचं धसकट लागून कधीच कामातून गेला होता. जे काही होतं ते उजव्यावर. आणि आण्णांचा सगळा जन्म माणसं ओळखण्यावर चाललेला. कुणाचा पोरगा, कुणाचा जावई, कुणाची म्हैस आटली, सगळं तोंडावरून सांगायचे. तो माणूस आता चपला बघून रामराम घालत होता आणि नाव न घेता "काय, घरी बरंय ना सगळं?" एवढ्यावर भागवत होता. चांगला पुढारी असल्यामुळे कित्येक महिने कुणाला फरक कळला नाही.

"बीडला डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊ," मी म्हणालो.

"बीड नगं. तिथं रांगेत बसलो की सांजच्याला तालुक्यात बोंब, आण्णा आंधळा झाला. आंधळ्याला कोण मत देतं?"

"तुम्ही कुठं उभे राहिलाय?"

"न्हाई. पन ऱ्हायलो तर?"

म्हणून अंबाजोगाई. मांजरसुंबा, नेकनूर, केज करत आम्ही गाडीनं गेलो, तिथं आपल्याला ओळखणारं कुणी नाही या भरवशावर.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी केली, एका मशीनपुढं हनुवटी टेकवायला लावली आणि डोळ्याच्या पडद्याचा उभा छेद कॉम्प्युटरवर दाखवला. जिथं खळगी असायला हवी तिथं टेकाड. शुगरमुळं बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात, त्यांतून पाणी पाझरतं आणि पडदा नेमका मधोमध सुजतो, असं त्यांनी सांगितलं.

"पाझर तलावाची भिंत गळायली, म्हना ना," आण्णा म्हणाले. त्यांच्या काळात असा एक तलाव झाला होता. तो पहिल्याच पावसाळ्यात गळला होता, त्यामुळे विषय त्यांच्या हातचा होता.

"अगदी तसंच आजोबा. इंजेक्शननं गळती कमी होते. भिंत नवी होत नाही. शुगर आणि बीपी आवरलं नाही तर परत गळणार."

शुगर आवरायची कशी हा आमच्या घरातला जुना वाद. लग्नात गुलाबजाम खाल्ला नाही तर वधूपित्याला वाटतं आण्णांच्या मनात राग आहे. दोन खाल्ले तर वाटतं पाठिंबा आहे. बहुमतासाठी आण्णा चार खातात.

"बरं, मारा सुई," आण्णांनी बाही वर केली.

"दंडात नाही. डोळ्यात."

आण्णांनी वर केलेली बाही खाली ओढली.

"कमरत?"

"डोळ्यात, आजोबा."

"एक तर मला आजोबा म्हणू नका. अन् डोळ्यातच कावून? पोटातनं औषिद जात न्हाई का तिथवर?"

"जाईल की. पण वाटेत सगळ्या अंगाला वाटलं जाईल. डोळ्यापर्यंत पोचेल थेंबभर."

आण्णांचा चेहरा उजळला. "कळलं. वरनं निधी सुटतो अन् गावात येईपर्यंत चिमूट उरती. मंजी तुमी थेट लाभार्थ्याच्या खात्यात टाकणार."

त्यानंतर मॅडमनी प्रश्न विचारले. अलीकडे हृदयाचा झटका आला होता का, अर्धांगवायू, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, डोळ्याला चिकट पाणी येतं का. आण्णा प्रत्येकाला चौकशी समितीपुढं बसल्यासारखे "न्हाई, न्हाई" म्हणत सुटले. मला मधे पडून सांगावं लागलं की रक्त पातळ करणारी एक बारकी गोळी ते रोज घेतात. मॅडम म्हणाल्या, चालेल, पण सांगायला हवं होतं. या प्रश्नांना मान देऊन उत्तरं द्यावीत. तिथं खोटं बोलून निवडून येता येत नाही.

"किती सुया?" मी विचारलं.

"सुरुवातीला महिन्याला एक. नंतर पडदा बघून अंतर वाढवू. एकूण किती ते आज सांगता येणार नाही. पण मधे सोडू नका."

हे शेवटचं वाक्य आम्ही दोघांनी ऐकलं आणि तिथंच ठेवून आलो. आमच्याकडं सुईबद्दलची समजूत पक्की आहे. ताप आला, गावच्या डॉक्टरला म्हणायचं, सुई मारा. त्यानं गोळ्या दिल्या तर तो डॉक्टर कच्चा. सुई मारली की दुखणं संपलं. सुईनंतर परत सुई असते, हे आमच्या रक्तात नाही.

सुईच्या खोलीत मला सोडलं नाही. दारापर्यंत आण्णांनी माझं मनगट धरलं होतं. म्हणाले, "फरशी गुळगुळीत हाय, तू पडशील." मी पडणार नव्हतो. चहा प्यायला जायचं माझ्या मनात होतं, तेवढ्यात ते बाहेरसुद्धा आले. त्या चहाच्या विचाराचीही मला अजून लाज वाटते.

केजच्या हॉटेलात बसून त्यांनी सगळी हकीकत सांगितली. आता गावात कुणाला अशी सुई सांगितली की लोक माझ्याकडं येतात आणि मी त्यांना आण्णांचंच भाषण ऐकवतो.

"आधी थेंब टाकले. डोळा बधिर. मग तपकिरी औषिदानं डोळा धुतला, तोंडावर कापड घातलं, एवढा एक डोळा उघडा. पापणी मिटू नये म्हणून चिमटा लावला. सगळ्यात वंगाळ काय असंल तर त्यो चिमटा. मी इचारलं, सुई समोरनं येताना दिसंल का? मॅडम म्हणल्या, न्हाई, वर बघा. मी छताकडं बघितलं. ती कडंनं आली, पांढऱ्या भागातनं. आंगठ्यानं दाबल्यावानी झालं. संपलं."

"दुखलं?"

"आपला गावचा डॉक्टर कमरत मारतो त्येच्या निम्मं बी न्हाई. पन नंतर काळे गोळे फिरायला लागले डोळ्यात. मला वाटलं, गेला डोळा. मी बोंब मारली. तर म्हणल्या, औषिदासंगट हवेचे बुडबुडे गेलेत, एक-दोन दिसात इरतील."

विरले. मात्र त्या संध्याकाळी डोळ्यात वाळू गेल्यासारखी आग होत होती. ती त्या तपकिरी औषधाची, हेही मॅडमनी सांगितलं होतं. डोळा चोळायचा नाही, काही दिवस डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, ओल्या फडक्यानं तोंड पुसायचं, दिलेले थेंब हात धुऊन टाकायचे. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. आग कमी होत जायला हवी. उलट ठणका वाढला, उजेड सोसेना, डोळा जास्त लाल झाला, दिसणं कमी झालं, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, तडक या.

घरी माय तयारीत होती. डोळ्यात घालायला एका वाटीत मध, एका बाटलीत गुलाबपाणी, आणि शेजारच्या बाळंतिणीचं दूध आणायला माणूस गेलेला. मी तिच्या हातातून मधाची वाटी हिसकावून घेतली. जन्मात मायच्या हातातून मी एवढं एकच काही हिसकावलं असेल. ते बरोबर होतं, तरी वाईट वाटतं. मध मी खाऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी डोळ्याच्या पांढऱ्यात रक्ताचा डाग पसरला. मॅडमनी सांगितलेलंच होतं, चामडीवर वळ उठतो तसा तो, आपोआप जातो. पण लोकांना काय सांगणार? आण्णांनी काळा गॉगल चढवला. गॉगल घालून ते पारावर गेले आणि गावानं ठरवलं की आण्णा जिल्हा परिषद लढवणार.

पहिल्या सुईनंतर फार फरक नव्हता. दुसरीनंतर फराटा पातळ झाला. तिसऱ्या सुईनंतर एका सकाळी चहा घेताना आण्णांनी मायकडं टक लावून बघितलं आणि म्हणाले, "तू लई म्हातारी दिसायलीस गं."

मायला एवढा आनंद झालेला मी माझ्या लग्नातही पाहिला नव्हता. ती उठून देवापाशी गेली आणि तिथून तिनं जाहीर केलं की तिनं नवस बोलला होता. लिंबागणेशच्या गणपतीला. ह्येंला माणसाचं तोंड दिसू दे, तुला नारळाचं तोरण बांधीन अन् गाव जेवू घालीन.

नवस फेडला. चतुर्थीला तोरण बांधलं. आण्णांचं देवांशी राजकारणातल्यासारखंच असतं. नारायणगडाच्या यात्रेत पुढं, लिंबागणेशला पुढं, कुणाला नाराज करायचं नाही, कुणाला पूर्ण शब्द द्यायचा नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी मनापासून हात जोडले. पंगतीला अख्खं गाव आलं. मनोमिलन झालेलं असल्यामुळे समोरच्यांनाही बोलवावं लागलं. ते आले, तेही काळा गॉगल घालून. कार्यकर्ते म्हणाले, बघा, आण्णांची नक्कल करायलेत.

चौथ्या सुईची तारीख आली. मी सुट्टी टाकून गाडी घेऊन गेलो. आण्णा ओट्यावर बसलेले, कपडे घरचेच.

"चला की."

"इचार तुझ्या मायला."

माय आतून म्हणाली, "आरं, नवस फिटलाय ना."

"मग?"

"मग काय मग? देवानं दिलं, आपून त्येचं फेडलं. आता परत सुई मारायला गेलो तर त्येला काय वाटंल? म्हणंल, तोरण बांधून गेली अन् हिचा इस्वास न्हाई. असं करणाऱ्याचं देव काढून घेतो."

"माय, सूज परत येती. मॅडम म्हणाल्यात."

"मॅडमनी नवस बोलला व्हता का?"

मी आतून वही आणली. डोळ्याची आकृती काढली. बाण ओढले. माय आकृतीकडं बघून म्हणाली, "छान काढतोस." आण्णा सगळा वेळ मान हलवत होते. ज्या माणसानं आयुष्यात मायचं एक ऐकलं नाही, तो त्या दिवशी म्हणाला, "तिच्या श्रद्धेला ठेच नगं." चिमट्याला भ्यालेला माणूस किती श्रद्धाळू होतो ते मी बघितलं.

पण मीही गाडी वळवून परत आलो, हे खरं. बोर्डाची परीक्षा तोंडावर होती, सुट्ट्या संपत आल्या होत्या. दिसतंय की त्यांना, असं मी मनाला सांगितलं. मांजरसुंब्याच्या घाटात मला चक्क हलकं वाटत होतं.

परीक्षा झाल्या. पेपर तपासून झाले. एका दुपारी मी न कळवता एसटीनं गावी गेलो. फाट्यापासून चालत आल्यामुळं धाप लागली होती, म्हणून ओट्यासमोर नुसता उभा राहिलो. आण्णा बाजेवर बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. दोन्ही हात जोडले, थोडे सरकून जागा केली आणि हसून, मतदाराशी बोलायच्या गोड आवाजात म्हणाले, "या, या. बसा. कोण गाव?"

"बीड," मी म्हणालो.

आवाज ओळखला त्यांनी. लगेच मोठ्यानं हसले. "घाबरला का गुरुजी? गंमत केली." पण जोडलेले हात सोडायचं ते विसरले होते.

मी आत जाऊन मायला सांगितलं. ती म्हणाली, "गंमत करत असतील. काल तर मला म्हणले, लुगडं नवं हाय का." लुगडं ओळखायला तोंड दिसावं लागत नाही, हे तिच्याही लक्षात आलं असावं. तिनं पायातली चप्पल काढून ठेवली. डाव्या हातानं उजव्या मनगटातल्या बांगड्या घट्ट धरल्या, वाजू नयेत म्हणून, आणि आण्णांच्या समोर जाऊन उभी राहिली. एक शब्द बोलली नाही.

आण्णांनी पदर बघितला. डोक्यावरचा पदर बघून सावरून बसले.

"बोला बाई," ते म्हणाले. "कुणाच्या घरच्या तुमी? काय काम काढलं?"

माय तशीच उभी राहिली. मग बांगड्या न सोडता मागच्या दारानं गोठ्यात गेली. मी मागं गेलो नाही. जायला पाहिजे होतं. बऱ्याच वेळानं ती आली तेव्हा हाताला कडब्याची कुसळं लागलेली होती.

"उद्या जायचं अंबाजोगाईला," ती म्हणाली.

आण्णा दचकले. "अगं, नवस—"

"नवसाचं मला सांगू नगा. त्यो मी बोललेली, तुमी न्हाई. गाईला वासरू व्हावं म्हणून नवस बोलतो का न्हाई आपून? वासरू झालं, नवस फेडला. म्हणून दुसऱ्या दिसापासनं गाईची वैरण बंद करतो का?"

आण्णा निवडणुका हरलेत, पण वादात हरताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"अन् देवाला काय वाटंल?" त्यांनी शेवटचा प्रयत्न केला.

"त्येचं मी बघते. तुमी चिमट्याला भ्येता, त्येचं तुमी बघा."

म्हणजे तिला ते पहिल्यापासून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी अंबाजोगाईला गर्दी होती. डोळ्यात थेंब टाकलेली माणसं भिंतीला टेकून बसलेली, सगळ्यांची तोंडं छताकडं. आम्ही कोपऱ्यात जागा धरली. तेवढ्यात पलीकडच्या बाकावरून आवाज आला, "ओ सिस्टर, माझा नंबर कवा लागायचा?"

आण्णा ताठ झाले. तोंड दिसत नसलं तरी तो आवाज त्यांनी तीस वर्षं लाउडस्पीकरवर ऐकला होता.

"तुमी हितं कावून?" आण्णांनी विचारलं.

समोरचेही ताठ झाले. "मी? मी मेव्हण्याला घिऊन आलतो. तुमी?"

"मी पोराला घिऊन आलतो."

दोघांनी माझ्याकडं बघितल्यासारखं केलं. तेवढ्यात सिस्टर दारात येऊन ओरडल्या, "डाव्या डोळ्याच्या इंजेक्शनचे काका! ओ काका, तुम्हीच, तुमचाच नंबर पुढचा!"

समोरच्यांनी गॉगल काढला. आण्णा उठून त्यांच्या बाकावर जाऊन बसले. मग आण्णांनी हळूच विचारलं, "त्या लग्नात... तुमी मला कोण समजलात?"

"आमचे व्याही. तुमी?"

"आमदाराचा मेव्हणा."

पहिल्यांदा आण्णांचं पोट हलायला लागलं, मग त्यांचं. पुढं दोघांचंही हसणं आवरेना. सिस्टर म्हणाल्या, हसू नका, थेंब बाहेर येतील. ज्या मिठीच्या जोरावर मधल्या काळात सोसायटीची निवडणूक बिनविरोध झाली होती, ती दोन सुजलेल्या पडद्यांची मिठी होती.

"कुणाला बोलू नगा," समोरचे म्हणाले.

"तुमी बी नगा." मग आण्णांनी विचारलं, "किती दिस झाले?"

"वरीस उलटलं. आधी महिन्याला, आता अंतर वाढवलंय. सोडायची न्हाई बघा. शेतीवानी हाय ह्ये, यंदा पिकलं म्हणून पुढच्या साली पेरायचं थांबत न्हाई. अन् एक ध्यानात ठिवा. एका सुईनंतर मला दुसऱ्या दिशी ठणका लागला. उजेड सोसंना. मी म्हणलं, बघू उद्या. सून ऐकली न्हाई, जीपमधी घातलं अन् आणलं. मॅडम म्हणल्या, उशीर केला असता तर डोळा गेला व्हता. हजारांत एखाद्याला व्हतं म्हनत्यात, पन ते आपल्याला व्हायचं राहात न्हाई."

ते आत गेले. थोड्या वेळानं आमचा नंबर लागला. मॅडमनी आधी छेद काढला. टेकाड परत आलं होतं. त्या रागावतील म्हणून मी वाट बघत होतो. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "पाणी परत भरलंय. ते कमी करू. पण इतके दिवस पाण्यात राहिल्यानं मधला थोडा भाग खराब झालाय. तो किती परत येईल, ते आत्ता बोलत नाही."

"माझ्यामुळं झालं," मी म्हणालो.

"कुणामुळं ते राहू द्या. पुढच्या महिन्यात या."

त्या दारापाशी आण्णांनी माझं मनगट धरलं नाही. समोरचे बाहेर येत होते, त्यांच्या खांद्याला हात लावून ते आत गेले.

तेव्हापासून दोघं एकाच गाडीनं जातात. गाडी मी चालवतो, कारण सुई घेतलेल्या माणसानं गाडी हाकायची नसते आणि थेंब टाकलेल्यानंही नाही. मागच्या सीटवर दोन काळे गॉगल बघून रस्त्यानं लोक म्हणतात, मोठी युती चाललीय. मायनं देवाशी काय ठरवलं ते तिनं कुणाला सांगितलेलं नाही. सुईच्या दिवशी ती एक नारळ घेऊन लिंबागणेशला जाते, एवढं दिसतं. घरात आता कुणी 'सुईची तारीख' म्हणत नाही. "उद्या वैरण हाय," माय फोनवर म्हणते आणि मी सुट्टीचा अर्ज लिहितो.

पेपरातली बारीक अक्षरं आण्णांना आता दिसत नाहीत. ती परत येणार नाहीत, हे मॅडमनी नंतर स्पष्ट सांगितलं. मोठ्या बातम्या ते वाचतात; म्हणतात, बारक्या अक्षरात तसंही खरं काही छापत नाहीत. माझ्यासमोर म्हणतात. मला बरं वाटावं म्हणून म्हणत असावेत.

मागच्या आठवड्यात गावी गेलो. पुन्हा दुपारच होती. ओट्यासमोर उभा राहिलो आणि मुद्दाम काही बोललो नाही. चांगलं नाही असं करणं, पण केलं. आण्णांनी मान वर केली. बराच वेळ बघत राहिले. मग हात जोडले, सरकून जागा केली.

"या. बसा. कोण गाव?"

आतून मायच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"गुरुजी," आण्णा म्हणाले, "मिशीला काळं लावायचं सोडलं का? डावीकडनं पार पांढरी झाली की."

मी मिशीला हात लावला. डावीकडूनच होती.